सतरा क्विंटल

बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावर संध्याकाळी घटकाभर उभं राहावं. रावेर, सावदा, फैजपूर, यावल, किनगाव, अडावद, चोपडा असा हा केळीचा रस्ता पुढे शिरपूरकडे जातो आणि अंधार पडायच्या सुमारास त्यावर पिकअप गाड्यांची रांग लागते. कुठल्या गाडीत किती माल आहे ते ताडपत्रीकडे बघून कळत नाही, मागच्या पाट्यांकडे बघून कळतं. रिकाम्या गाडीचा पाटा कमानीत असतो. नेमाचा माल भरला की तो सपाटीला येतो. त्याहून जादा भरला की कमान उलटी फिरते, गाडीचं नाक वर उचललं जातं आणि हेडलाइटचा झोत रस्ता सोडून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत शिरतो. रात्री अशी एखादी गाडी डोळे दिपवत आली, तर आमच्याकडचा माणूस शिवी हासडण्याआधी एवढंच म्हणतो, 'भरेल दिखस.'

आमच्या घरच्या गाडीचं पासिंग सतरा क्विंटल. कागदावर 1.7 टन असतं, पण टनात हिशोब करायची सवय गावात कुणाला नाही. केळीचा घड 20 ते 25 किलोंचा धरला, तर 70-80 घडांत गाडी भरली. तेवढे घड हौद्यात रचले तरी वर बरीच मोकळी जागा राहते. ती जागा शेतकऱ्याला दिसते, व्यापाऱ्याला दिसते, घड वाहणाऱ्या टोळीला दिसते. पासिंग कुणालाच दिसत नाही, ते आरसी बुकात असतं.

गाडी कशी हवी असं खान्देशात कुणालाही विचारा, 'दणकट' हे उत्तर ठरलेलं. पण हा दणकटपणा आम्ही राखून ठेवायला विकत घेत नाही, खर्चायला घेतो. जितकी गाडी मजबूत तितका वरचा थर जास्त. त्यामुळे मजबूत गाडीसुद्धा शेवटी कमकुवत गाडीइतकीच टेकीला आलेली असते, फक्त दहा क्विंटल पुढे. हे मला एका दिवसात सुचलेलं नाही. घरात गाडी आल्यापासून तिचे पाटे, टायर आणि हप्ते पाहता पाहता ते मनात बसत गेलं.

मी जळगावात नोकरी करतो. शेती आणि गाडी मोठा भाऊ, म्हणजे आप्पा, पाहतो. गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. स्टिअरिंग माझ्या हाती क्वचितच येतं. पण घ्यायच्या चर्चेत, विम्यात, पासिंगच्या कागदांत मी पहिल्यापासून आहे. थोडक्यात, गाडीच्या आयुष्यातला कंटाळवाणा अर्धा भाग माझ्या वाट्याला आलाय.

गाडी घ्यायची ठरली तेव्हा घरात दोन तट पडले. आप्पाला नवी पिकअप हवी होती. नानांना, म्हणजे काकांना, जुनी 407. नानांचा जीव 407 वर असण्याला कारण होतं. 1986 साली टाटांनी ती आणली तेव्हा हलक्या मालवाहू गाड्यांत जपान्यांची चढाई चालू होती. डीसीएम-टोयोटा, स्वराज-माझदा, ऑल्विन-निसान, आयशर-मित्सुबिशी अशी जोडनावं त्या काळात रस्त्यावर उतरली. त्यांतली काही आज फक्त जुन्या माणसांच्या बोलण्यात सापडतात. 407 मात्र अजून बनते. नाना सांगायचे की 407 चं तोंड बघितलं की घाट सरळ होतो. नानांच्या वाक्यांना पुरावा मागायची पद्धत आमच्या घरात नाही.

या वादात धुळ्याला फार महत्त्व. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते तिथे एकमेकांना छेदतात. आग्रा रोडने नाशिककडे निघालं की पुढे सातपूरला महिंद्राचा कारखाना, त्याहून पुढे इगतपुरीला त्यांच्या इंजिनांचा. तिथे ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यानं डिझेल इंजिनं तयार व्हायला लागली. त्याच रस्त्यानं उलट बाजूला शिरपूर, सेंधवा करत गेलं की इंदूरच्या अलीकडे पिथमपूर, आयशरचं गाव. 1947 साली विलीस जीपची जुळणी करायला लागलेली महिंद्रा एका टोकाला आणि जपान्यांचा हात धरून आलेली आयशर दुसऱ्या टोकाला. मधे बसलेल्या धुळ्यानं दोघांच्याही गाड्या उघडून पाहिल्यात. म्हणून जुनी गाडी घ्यायची तर धुळ्याला जायचं आणि नवी घ्यायची तर जळगावला, अजिंठा चौफुलीकडे, असा आमच्याकडचा शिरस्ता.

नानांच्या समाधानासाठी आम्ही आधी धुळ्याला गेलो. सोबत तिथले एक मिस्तरी घेतले. त्यांनी दोन अटी घातल्या. जायचं ते सकाळी लवकर, आणि मालकाला आधी कळवायचं नाही. गरम इंजिन खोटं बोलतं, हे त्यांचं म्हणणं. थंड इंजिनावर सेल्फ मारायचा. पहिल्या-दुसऱ्या झटक्यात पकडलं तरच पुढे बघायचं. मग चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उघडायचं. तिथून भकाभका धूर आला की पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, इंजिन बॅक मारतंय. सायलेन्सरचा धूर काळा असेल तर नोझल किंवा हवेचा फिल्टर, ते थोडक्यात भागतं. निळा असेल तर ऑइल जळतंय, ते थोडक्यात भागत नाही. पांढरा निघाला आणि इंजिन तापल्यावरही पांढराच राहिला, तर हात जोडून परत फिरायचं. मीटरकडे मिस्तरींनी एकदाही पाहिलं नाही. त्याऐवजी ते अंगाखाली पोतं टाकून गाडीखाली शिरले आणि टॉर्च लावून चासी पाहत राहिले. पाट्यांच्या हँगरपाशी वेल्डिंगचा टाका सापडला, की त्या गाडीनं आयुष्यभर काय वाहिलं ते आपोआप कळतं. एका विक्रेत्यानं छातीठोकपणे सांगितलं, गाडीनं फक्त भाजीपाला वाहिलाय. मिस्तरी खालूनच म्हणाले, 'भाजी लोखंडाची होती काय? पाट्यात दोन पट्ट्या जादा टाकेल आहेत.'

परतताना नाना गप्प होते. पारोळ्याला चहा घेताना म्हणाले, 'नवीच घ्या.'

या मिस्तरींच्या वडिलांनी आयुष्यभर गाड्या दुरुस्त केल्या नव्हत्या, विहिरीवरची इंजिनं दुरुस्त केली होती. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. खान्देशाला डिझेलची अक्षरओळख रस्त्यावर झाली नाही, विहिरीच्या थारोळ्यावर झाली. 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत वीज पोचायच्या आधी गावोगाव तिच्या इंजिनांचा ठोका ऐकू यायला लागला. हँडल मारून इंजिन सुरू करणं, नळीत धरलेली हवा काढणं, ठोक्यावरून आजार ओळखणं हे त्या पिढीनं शाळेत न जाता शिकून घेतलं. स्पार्क प्लग नसतो, हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापते आणि डिझेलचा फवारा पडताच पेट घेते, हे तत्त्व कुणी समजावून सांगितलं नव्हतं. पण थंडीत इंजिन का कुरकुरतं आणि उन्हाळ्यात का पळतं, हे माझ्या वडिलांना पक्कं ठाऊक होतं.

रुडॉल्फ डिझेल या जर्मन माणसानं आपलं इंजिन 1897 साली यशस्वी करून दाखवलं. 1900 च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याच्या पद्धतीचं एक इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवलं गेलं. फ्रेंच सरकारला आफ्रिकेतल्या वसाहतींत पिकणाऱ्या भुईमुगाचा उपयोग बघायचा होता. धुळे जिल्हा शेंगांचा, म्हणून मी मोठ्या कौतुकानं हे आप्पाला सांगितलं. त्यानं विचारलं, 'मंग बंद काब्र कयं?' मी म्हटलं, खनिज तेल स्वस्त पडलं असेल, शेंगांचं महाग. आप्पा म्हणाला, 'ते आज बी महागच शे,' आणि विषय संपला. डिझेल स्वतः 1913 साली इंग्लिश खाडी ओलांडताना बोटीवरून नाहीसा झाला. आपल्या इंजिनावर जगातला निम्मा माल हलणार आहे, हे त्याला बघायला मिळालं नाही.

नवी गाडी कुठल्या कंपनीची घेतली ते मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की अर्धा तालुका वाद घालायला दारात उभा राहील. एवढं खरं की या वर्गात बोलेरो पिकअप सगळ्यांत जास्त खपते, आणि तिच्या 2523 सीसीच्या डिझेल इंजिनाची 75 अश्वशक्ती व सुमारे 200 न्यूटन मीटरचा जोर हे आकडे आमच्याकडच्या पोरांना पाढ्यांसारखे पाठ असतात. अमेरिकेत फोर्डची एफ-मालिका चार दशकांहून अधिक काळ सर्वाधिक खपणारी पिकअप आहे. तिकडच्या काही मोठ्या डिझेल पिकअपचा जोर 1300 न्यूटन मीटरच्या वर जातो. त्यांतल्या एकीला इंजिन देणाऱ्या कमिन्सचा पुण्यातला कारखानाही 1962 पासूनचा, किर्लोस्करांशी भागीदारी करून सुरू झालेला. तिकडे राहणाऱ्या एका नातेवाइकानं अशा गाडीचा फोटो पाठवला होता. आप्पानं फोटो मोठा करून हौदा पाहिला. हौद्यात काहीच नव्हतं. सहापट जोर आणि माल नाही, यावर गावात बराच वेळ चर्चा झाली. कुणालाच ते पटलं नाही.

पैशांचं सांगायचं तर कापसाचे आलेले थोडे आणि वहिनींची पोत गहाण टाकून बाकीचे. फायनान्सवाल्या कंपनीच्या पोरानं कागदांवर बोट ठेवून इतक्या ठिकाणी सह्या घेतल्या की आप्पाची सही शेवटी बदलली. माय ओट्यावर बसून सगळं बघत होती. तिनं एकच विचारलं, 'बैल बठना ते उठाडता येस. हाई बठनी ते काय करशात?' त्यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. आम्ही गाडीला हार घातला.

पिवळ्या पाटीचं लग्न लागलं की सोबत सासर येतं. एकूण वजन 3000 किलोंपर्यंत असेल तर मालवाहू गाडीला परमिट लागत नाही, त्यावर गेली की लागतं. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी फिटनेस, नंतर दरवर्षी. साध्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर अशी पिवळ्या पाटीची गाडी चालवता येते की नाही, यावर विमा कंपन्यांनी वर्षानुवर्षं भांडण लावून धरलं होतं. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं 7500 किलोंच्या आतल्या वाहनांपुरता तो प्रश्न चालकांच्या बाजूनं मिटवला. आमच्याकडे बहुतेकांना भांडण होतं हेच माहीत नव्हतं, ते गाडी चालवत होते.

गाडी कशासाठी लागते, ते केळी कापायच्या दिवशी बागेत आल्याशिवाय कळत नाही. कापूस थांबतो. भाव पडला तर लोक तो घरात भरून ठेवतात, ओटीत, माळ्यावर, प्रसंगी झोपायच्या खोलीत. डाळ थांबते. जळगावच्या चटया आणि पाइप तर वर्षभर थांबतील. केळी कापली की थांबत नाही. जून असो की मे, घड झाडावरून उतरला की त्याचं घड्याळ सुरू होतं, आणि उन्हाळ्यात पारा 45 च्या वर गेला की ते घड्याळ दुप्पट पळतं. म्हणून माल भरायचा संध्याकाळी आणि गाडी पळवायची रात्री. मोठा ट्रक बागेपर्यंत जात नाही, शेतरस्ता अरुंद आणि काळी जमीन पहिल्या पावसातच चिकट होते. बागेपासून हमरस्त्यावरच्या ट्रकपर्यंत, पॅकिंग करणाऱ्याच्या शेडपर्यंत, नाहीतर धुळ्या-मालेगावच्या पिकवण्याच्या खोल्यांपर्यंत माल नेणं हे पिकअपचं काम. गंमत म्हणजे चिखलात रुतते ती भरलेली गाडी नव्हे. जोर मागच्या चाकांवर आणि वजन पुढे इंजिनाचं, त्यामुळे रिकामी गाडीच जागच्या जागी चाकं फिरवत बसते. पावसाळ्यात आप्पा बागेकडे जाताना हौद्यात दगड टाकतो.

घड नुसते टाकत नाहीत. खाली केळीची पानं, मग घडांचा थर, पुन्हा पानं. फण्या घासल्या गेल्या की पिकल्यावर काळ्या पडतात, आणि व्यापारी पट्टीत तेवढं कापतो. खडबडीत रस्त्यावर कडक पाट्याची रिकामी गाडी जितकी आदळते तितकी बेताची भरलेली आदळत नाही. म्हणजे सतरा क्विंटल हा आकडा कंपनीनं मनात येईल तो छापलेला नसतो, त्या वजनाला पाटा नीट वागतो. बंधाऱ्यावरच्या माणसाला जशी सांडव्याची उंची माहीत असते, तशी पाट्याला आपली मर्यादा माहीत असते. हे आप्पाला कळतं. केळीला तो बहुतेक वेळा पासिंगच्या आसपास राहतो. पण कांद्याच्या हंगामात, साक्री-पिंपळनेरकडचा माल मिळाला की त्याचं हे ज्ञान कुठं जातं कोण जाणे.

भाडं क्विंटलवर ठरतं आणि हप्ता महिन्यावर. सगळं गणित या एका वाक्यात आहे. शेजारच्या गाडीवाल्यानं 28 क्विंटल नेले तर त्याला क्विंटलमागे डिझेल कमी पडतं, तो भाडं कमी घेतो, आणि सतरा नेणाऱ्याला गिऱ्हाईक राहत नाही. मग हाही पाट्यात एक पट्टी वाढवतो. कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर जादा मालासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 असा दंड आहे. हा आकडा रस्त्यावर सगळ्यांना माहीत आहे. किती गाड्यांना तो लागतो ते ज्यानं त्यानं पाट्यांकडे बघून ठरवावं. मला विचाराल तर दोष गाडीवाल्याइतकाच, किंबहुना जास्त, त्या व्यवस्थेचा, जिथे माल पाठवणारा, घेणारा आणि भाडं ठरवणारा यांपैकी कुणालाही वजनाची जबाबदारी नसते. गाडी पकडली तर चालक सापडतो.

आणि मालावर माणसं असतात. फेब्रुवारी 2021 मध्ये किनगावजवळ पपईनं भरलेला ट्रक रात्री उलटला. त्यावर बसून घरी परतणारे 15 मजूर गेले, बहुतेक रावेर तालुक्यातले, त्यांत बाया आणि मुलंही होती. पपई भरणारे, केळी कापणारे हेच लोक असतात. दिवसभर माल चढवायचा आणि रात्री त्याच मालावर बसून घर गाठायचं. त्यांच्यासाठी वेगळी गाडी करणं कुणाच्याच हिशोबात बसत नाही. त्या आठवड्यात आमच्या गावात फार बोलणं झालं नाही. आप्पानं टोळीच्या मुकादमाला सांगून टाकलं की आपल्या मालावर कुणी बसणार नाही, माणसं आधी सोडू, माल नंतर नेऊ. दोन फेऱ्यांचं डिझेल जातं. ते जातं तर जातं, यावर वहिनी आणि आप्पा यांचं प्रथमच एकमत झालेलं मी पाहिलं.

तरी नियम सणावाराला मोडतो. चैत्रात खान्देशातून लोक सप्तशृंगीच्या गडाकडे पायी निघतात, कारण देवीचं माहेर खान्देश. मग गावची एक तरी पिकअप त्यांच्या मागे असतेच, पाण्याच्या टाक्या, अंथरुणं, भट्टीचं सामान आणि पाय सुजलेली म्हातारी माणसं घेऊन. म्हाताऱ्या माणसाला हौद्यातून उतरायला सांगायची हिंमत कायद्याकडेही नसते. आखाजीला माहेरवाशिणींची सामानं. कानबाईच्या वेळी रोटांचे गहू. सुगी आटोपली की सुरत. सुरतेच्या लिंबायत आणि उधन्यात खान्देशी माणूस इतका आहे की तिथल्या बाजारात अहिराणी बोललं तर कुणी वळून बघत नाही. पोरं तिकडे कारखान्यात, मायबाप इकडे शेतात. मग एकाच गाडीत गावातल्या कितीतरी घरांची ज्वारी, बाजरी, तूरडाळ, पापड, आणि प्रत्येक पोत्यावर खडूनं लिहिलेलं नाव. या फेरीला आप्पा भाडं ठरवत नाही. लोक डिझेल टाकतात आणि वर काहीबाही देतात. हिशोबाच्या वहीत ही फेरी तोट्यातच दिसते, पण ती चुकवलेली मला आठवत नाही.

सुरतेच्या वाटेवर साक्रीच्या पुढे कोंडाईबारीचा घाट लागतो. एकदा तिथेच, चढावर, रेडिएटरचा होज पाइप फुटला. धान्य थांबणारं होतं, म्हणून घाई नव्हती. तरी रात्र होती, घाट होता आणि दोन्ही बाजूंनी कंटेनर धडधडत होते. कुणीतरी मागे दहिवेलच्या चौकात निरोप दिला. तिथल्या गॅरेजचा पोरगा मोटरसायकलवर साक्रीला गेला, दुकान उघडायला लावलं, पाइप घेऊन आला आणि दोन क्लिपा आवळून गाडी चालू करून दिली. पैसे घेतले ते पाइपाचे आणि पेट्रोलचे, मजुरीचे मागूनही जेमतेम. पुढे धुळ्याच्या मिस्तरींना ही गोष्ट सांगितली तेव्हा ते म्हणाले, 'भाऊ, बंद न पडणारी गाडी मी तरी पाह्यली नाही. तुम्ही कोणती बी घ्या, तिचा पार्ट साक्रीला भेटतो का एवढं पाहून घ्या.'

टोयोटाची हायलक्स जगभर अविनाशी म्हणून गाजलेली. आपल्याकडे ती 2022 मध्ये आली, तेव्हा किंमत तीस लाखांच्या वर होती. वाळवंटात, डोंगरात, युद्धात ती टिकली असेल, नक्कीच टिकली. पण साक्रीच्या दुकानात तिचा होज पाइप टांगलेला नाही. महिंद्राच्या पिकअप दक्षिण आफ्रिकेतल्या शेतकऱ्यांकडेही चालतात, 2018 पासून डर्बनला त्यांची जुळणी होते. तिकडेही एखादं दहिवेल असेलच. विश्वासाची गाडी असं आपण म्हणतो तेव्हा त्यात गॅरेजवाल्या पोराचा वाटा किती आणि लोखंडाचा किती, हे कंपन्यांच्या जाहिरातीत कधी सांगत नाहीत. मला स्वतःला पोराचा वाटा मोठा वाटतो. आणि तोच वाटा आता बारीक व्हायला लागलाय. एप्रिल 2020 पासून बीएस-6 ची इंजिनं आली. धूर खरंच कमी झाला, नवी गाडी सुरू केली तर मागे उभ्या माणसाला कळत नाही. पण धुरावरून आजार ओळखणाऱ्या मिस्तरींना आता धूरच दिसत नाही. डॅशबोर्डवर दिवा लागतो, त्याचा अर्थ स्कॅनर सांगतो, आणि स्कॅनर घ्यायला पैसे लागतात. धुळ्याच्या मिस्तरींनी तो घेतला. वापरतो त्यांचा मुलगा. मिस्तरी बाजूला उभे राहून अजून झाकण उघडून बघतात.

मध्यंतरी आम्हाला थोडी बरकत आली, तीही विचित्र कारणानं. चाळीसगाव आणि कन्नडच्या मधल्या औट्रम घाटात 2023 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानं जड वाहनांना बंदी झाली. ट्रकवाल्यांना लांबचा वळसा आला, हलक्या गाड्यांना घाट खुला राहिला. छत्रपती संभाजीनगरकडच्या काही व्यापाऱ्यांना मग पिकअपची आठवण व्हायला लागली. आप्पाला वाटलं आता सगळं सुरळीत होईल. झालं एवढंच की तालुक्यात आणखी काही जणांनी पिकअप घेतल्या आणि भाडं पुन्हा होतं तिथे आलं.

आता पुतण्या मागे लागलाय. सप्टेंबर 2025 मध्ये मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी 28 वरून 18 टक्क्यांवर आला, हे त्याचं मुख्य हत्यार. जुनी काढायची आणि वीस क्विंटल पासिंगची घ्यायची, असं त्याचं म्हणणं. मोबाइलवर त्यानं सगळं काढून ठेवलंय, हौद्याची लांबी, हप्ता, सवलत, रंगसुद्धा. परवा जेवताना तो आप्पाला पटवत होता की वीस पासिंगची असली म्हणजे पाट्याला त्रास नाही, गाडी आरामात चालेल.

आप्पानं कळण्याची भाकरी मोडता मोडता विचारलं, 'वीसच भरशीन का?'

पुतण्या म्हणाला, 'वीस कशाला? पस्तीस सहज घेते ती. व्हिडिओ आहे.'

आप्पा काही बोलला नाही. वहिनींनी ताटात भरीत वाढलं आणि सांगितलं की आधी पोत सोडवून आणा, मग शोरूमची नावं काढा. सध्या घरात कापूस भरलेला आहे, भाव बघून तो काढायचाय. तोवर पुतण्याला बुकिंगचे पैसे देऊ नकोस अशी ताकीद मला मिळाली आहे, कारण पहिल्या गाडीच्या वेळी ते मीच दिले होते आणि परत मागितले नव्हते.